विज्ञानातून न्याय मागणारा डॉक्टर : माग्नुस हिर्शफेल्ड

जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारे लोक फक्त आपल्याच देशात आहेत असे समजण्याचे कारण नाही. युरोपातील ज्यू समाजाने शतकानुशतके हेच भोगले. त्यातही एखाद्या ज्यू माणसाची शरीराची आणि मनाची ओढ चारचौघांपेक्षा वेगळी असेल तर त्याच्या वाट्याला दुहेरी बहिष्कार. जर्मनीतील डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड हे असे दुहेरी बहिष्कृत होते. शिवाय ते समाजवादी विचारांचे. हिटलरच्या अनुयायांना द्वेष करण्यासाठी एकाच माणसात इतकी कारणे क्वचितच सापडली असतील!

मानवी लैंगिकतेचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या पहिल्या पिढीतील या संशोधकाचे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. विषयच असा की, भले भले पुरोगामी तिथे येऊन गप्प बसतात. पण जे ज्ञान सांगायला माणसे घाबरतात त्याच ज्ञानाची गरज सर्वात दबलेल्या माणसाला असते. म्हणून वाचकांनी हे चरित्र जाणून घ्यायला हवे.

हिर्शफेल्ड यांचा जन्म १४ मे १८६८ रोजी बाल्टिक समुद्राच्या काठावरील कोलबेर्ग या गावी झाला. तेव्हा हे गाव प्रशियात होते, आज ते पोलंडमध्ये आहे. वडील हेर्मान हिर्शफेल्ड हे नामांकित डॉक्टर. गावाने त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे स्मारक उभारले होते. पुढे नाझींनी तेही जमीनदोस्त केले. मेलेल्या ज्यूचा दगडही त्यांना सहन होत नव्हता. माग्नुस यांनी आधी भाषाशास्त्राचा आणि नंतर वैद्यकाचा अभ्यास केला. १८९२ मध्ये बर्लिनमध्ये त्यांना वैद्यकाची डॉक्टरेट मिळाली. अमेरिकेचा प्रवास करून आल्यावर माग्देबुर्ग शहरात त्यांनी दवाखाना थाटला. तिथून ते १८९६ मध्ये बर्लिनला लागून असलेल्या शार्लोटेनबुर्गला आले. चांगली कमाई, प्रतिष्ठा, सुखवस्तू आयुष्य हे सारे त्यांच्यासमोर वाढून ठेवले होते.

या सरळ रस्त्यावरून त्यांना बाजूला ओढले ते एका तरुणाच्या मरणाने. हा तरुण सैन्यात अधिकारी होता आणि डॉक्टरांचा रुग्ण होता. घरच्यांनी त्याचे लग्न ठरवले. त्याला स्त्रीविषयी ओढ नव्हती, पुरुषाविषयी होती. हे तो कोणाला सांगणार? आईवडिलांना? पलटणीला? लग्नाच्या आदल्या रात्री त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. जाण्यापूर्वी त्याने डॉक्टरांना पत्र लिहिले आणि आपली व्यथा जगापुढे मांडण्याची विनंती केली. हिर्शफेल्ड यांनी ही घटना पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. नुकताच, १८९५ मध्ये, इंग्लंडमध्ये ऑस्कर वाइल्ड या प्रसिद्ध लेखकाला याच कारणासाठी दोन वर्षे सक्तमजुरी झाली होती. १८९६ मध्ये हिर्शफेल्ड यांनी या विषयावर एक छोटी पुस्तिका लिहिली. पण तिच्यावर स्वतःचे नाव घातले नाही. टोपणनावाने ती लाइपझिगच्या माक्स श्पोर या प्रकाशकाने छापली.

हे टोपणनाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच्याकडे आपण पुन्हा येऊ.

जर्मन दंडसंहितेत कलम १७५ होते. दोन पुरुषांमधील शरीरसंबंध हा त्या कलमानुसार गुन्हा होता, शिक्षा तुरुंगवासाची. मजेची गोष्ट अशी की, जर्मनीतील बव्हेरियासारख्या काही राज्यांनी फ्रेंच राज्यक्रांतीच्या प्रभावामुळे हा गुन्हा आपल्या कायद्यातून आधीच काढून टाकला होता. १८७१ मध्ये जर्मनी एक झाला तेव्हा प्रशियाचा कायदा सर्वांवर लादला गेला. म्हणजे राष्ट्र एक झाले आणि काही माणसे एका रात्रीत पुन्हा गुन्हेगार ठरली. या कलमाचा सर्वात मोठा लाभ झाला तो खंडणीखोरांना. पोलिसांत कळवीन अशी धमकी द्यायची आणि आयुष्यभर पैसे उकळत राहायचे, असा एक धंदाच बर्लिनमध्ये बोकाळला होता. पैसे संपले की माणूस नदी जवळ करायचा.

१५ मे १८९७ रोजी हिर्शफेल्ड यांच्या राहत्या घरी चार माणसे जमली. प्रकाशक श्पोर, रेल्वेतील एक अधिकारी एडुआर्ड ओबेर्ग, लेखक फ्रान्झ योसेफ फॉन ब्यूलो आणि स्वतः डॉक्टर. त्यांनी वैज्ञानिक मानवतावादी समिती स्थापन केली. समलिंगी माणसांच्या हक्कांसाठी झालेली जगातील ही पहिली संघटना मानली जाते. विज्ञानाच्या मार्गाने न्यायाकडे, हे समितीचे ब्रीद. हिर्शफेल्ड यांच्या अख्ख्या आयुष्याचे बळ आणि दुबळेपण, दोन्ही या ब्रीदात आहे. लोक अज्ञानामुळे अन्याय करतात, तेव्हा त्यांना ज्ञान दिले की अन्याय थांबेल अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा होती.

समितीने कलम १७५ रद्द करण्यासाठी अर्ज तयार केला आणि नामवंतांच्या सह्या गोळा करायला सुरुवात केली. समाजवादी पक्षाचे नेते ऑगस्ट बेबेल यांनी सही केलीच, शिवाय १३ जानेवारी १८९८ रोजी जर्मन संसदेत ते यावर बोलले. बेबेल हे कामगारांचे पुढारी. त्यांनी नेमके दुखणे पकडले. हा कायदा सर्वांना सारखा लावायचे ठरले तर तुरुंग पुरणार नाहीत आणि त्यात मोठमोठ्या घराण्यातील माणसे सापडतील, पोलिसांकडे त्यांच्या याद्या आहेत, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. कायदा सर्वांसाठी एकच, पण त्याचा दंडुका कोणाच्या पाठीत बसायचा हे पाठ बघून ठरते! आपल्याला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. पुढील तीस वर्षांत या अर्जावर हजारो सह्या झाल्या. अल्बर्ट आइन्स्टाइन, थॉमस मान, हेर्मान हेस ही त्यातली काही नावे. संसदेने मात्र दाद दिली नाही.

सह्या गोळा करता करता हिर्शफेल्ड यांचे संशोधन सुरूच होते. त्यांचा सिद्धांत थोडक्यात असा. शंभर टक्के पुरुष आणि शंभर टक्के स्त्री ही केवळ कल्पना आहे. शरीराची ठेवण, मनाचा स्वभाव, ओढ कोणाकडे आहे, वेश कोणता आवडतो या प्रत्येक बाबतीत माणसे दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात आणि मधल्या पायऱ्या असंख्य असतात. निसर्गाने केलेले हे वैविध्य आहे, ते पाप नाही आणि रोगही नाही. १८९९ पासून त्यांनी या विषयाला वाहिलेले वार्षिक सुरू केले. ते १९२३ पर्यंत निघत राहिले. समलैंगिकतेवरील त्यांचा १९१४ मधील ग्रंथ तर हजाराहून अधिक पानांचा आहे. वेगळा वेश करावासा वाटणारी माणसे आणि समलिंगी माणसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांनी १९१० मध्येच एका स्वतंत्र ग्रंथातून दाखवून दिले. नुसता ग्रंथ लिहून ते थांबले नाहीत. पुरुषाच्या शरीरात जन्मून स्त्रीवेशात राहणाऱ्यांना बर्लिनचे पोलीस उचलून नेत. हिर्शफेल्ड यांनी पोलिसांशी बोलून, डॉक्टरी दाखल्याच्या आधारे, अशा माणसांना ओळखपत्रे मिळवून दिली. खिशात तो कागद असला की रस्त्यावरून ताठ मानेने चालता येई.

त्यांचे सर्वात धाडसी काम म्हणजे १९०३ आणि १९०४ मधील पाहणी. समाजात समलिंगी माणसे किती, हे कोणालाच माहीत नव्हते. जो तो आपल्या कल्पनेने बोले. हिर्शफेल्ड यांनी ठरवले, मोजूया. शार्लोटेनबुर्गच्या तांत्रिक महाविद्यालयातील सुमारे तीन हजार विद्यार्थ्यांना त्यांनी पत्रे पाठवली. नाव लिहायचे नाही, फक्त ओढ स्त्रीकडे, पुरुषाकडे की दोघांकडे, एवढ्यावर खूण करून कार्ड परत टाकायचे. मग बर्लिनमधील हजारो धातू कामगारांनाही त्यांनी हाच प्रश्न विचारला. केवळ पुरुषाकडे ओढ असणाऱ्यांचे प्रमाण विद्यार्थ्यांत शेकडा दीडच्या आसपास आले, कामगारांत त्याहून थोडे कमी. अमेरिकेतील किन्सी यांची गाजलेली पाहणी याच्या चार दशकांनंतरची. आजच्या कसोटीवर हिर्शफेल्ड यांच्या आकड्यांत त्रुटी दाखवता येतील. पण त्या आकड्यांनी एक भ्रम फोडला. समलैंगिकता हा ऐषारामी उच्चभ्रूंचा चाळा आहे, असे तेव्हाचे अनेक सुधारकही म्हणत. भट्टीसमोर घाम गाळणाऱ्या कामगारात आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या पोरात जवळपास तेच प्रमाण निघते, तर तो चाळा कसा?

या मोजणीचे बक्षीस काय मिळाले? सहा विद्यार्थ्यांनी तक्रार केली की, असा प्रश्न विचारून आमची अब्रू घेतली. १९०४ मध्ये न्यायालयाने हिर्शफेल्ड यांना २०० मार्कांचा दंड ठोठावला.

इथे वाचकांना आपल्या इतिहासातील एक गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तरे दिली जात. १९३४ मध्ये त्यावरून अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्या काळच्या मुंबईत वकिलांची वाण नव्हती. पण कर्वेंच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांनी शंका विचारल्या तर त्यांना शास्त्राच्या आधारे उत्तर देणे यात अश्लील काय, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. हॅवलॉक एलिस या इंग्रज लैंगिक शास्त्रज्ञाच्या संशोधनाचा आधारही त्यांनी घेतला. हे एलिस हिर्शफेल्ड यांचे समकालीन आणि जागतिक चळवळीतील सहकारी. म्हणजे बर्लिनमध्ये पेटलेल्या वादाची धग मुंबईच्या न्यायालयातही पोहोचली होती आणि बाबासाहेब त्यात कोणत्या बाजूला होते हे नोंदलेले आहे. कर्वे खटला हरले. दंड झाला २०० रुपये.

आता हिर्शफेल्ड यांच्या आयुष्यातील एक काळा डागही सांगितला पाहिजे. चरित्र म्हणजे आरती नव्हे. १९०७ मध्ये माक्सिमिलियान हार्डन या पत्रकाराने कैसरच्या जवळच्या वर्तुळातील सरदार समलिंगी असल्याचे सूचित करणारे लेख लिहिले. काउंट मोल्टके यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. हिर्शफेल्ड तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभे राहिले आणि मोल्टके यांची मनोवृत्ती समलिंगी असल्याचे त्यांनी भर कोर्टात सांगितले. त्यांचा हिशेब असा असावा की, इतकी मोठी माणसेही अशी असतात हे कळले तर लोकांचा पूर्वग्रह ढिला होईल. झाले उलटेच. देशभर संतापाची लाट उसळली. ज्यू डॉक्टर जर्मन वीरांची बदनामी करतो आहे असा प्रचार सुरू झाला. दुसऱ्या सुनावणीत त्यांनी आपले मत मागे घेतले. त्यामुळे शास्त्रज्ञ म्हणून त्यांची विश्वासार्हता गेली, समितीच्या देणग्या आटल्या. त्यांचे शत्रू काय म्हणाले ते सोडा. पण ज्या माणसाने आपली ओळख स्वतः सांगितलेली नाही, ती दुसऱ्याने, तेही डॉक्टरने, चव्हाट्यावर मांडावी, हे तत्त्वालाही धरून नव्हते. एका तरुणाच्या आत्महत्येतून ज्याचे कार्य सुरू झाले त्याच्याकडून तरी हे व्हायला नको होते.

आणि त्यांनी स्वतःची ओळख कधी सांगितली? कधीच नाही. हिर्शफेल्ड स्वतः समलिंगी होते. कार्ल गीझ हे त्यांचे अनेक वर्षांचे जोडीदार. मित्रांना हे ठाऊक होते, शत्रूंना तर होतेच. पण जाहीरपणे त्यांनी कधी उच्चार केला नाही. तटस्थ डॉक्टर म्हणून बोललो तरच माझे ऐकतील, त्यांच्यापैकीच एक म्हणून बोललो तर सारे संशोधन स्वार्थाचे ठरेल, अशी त्यांची अडचण होती. शहरात खोली भाड्याने घेताना ज्यांना आडनाव गिळावे लागले आहे, कार्यालयात जातीवर चर्चा निघाली की ज्यांना खाली मान घालून फाइल चाळावी लागली आहे, त्यांना ही अडचण कळेल. आपल्याच माणसांची बाजू मांडायची आणि ती आपली माणसे आहेत हे मात्र सांगायचे नाही! १८९६ च्या पुस्तिकेवरचे टोपणनाव त्यांनी लवकरच काढून टाकले, पण मनावरचे टोपणनाव शेवटपर्यंत राहिले. त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार मला वाटत नाही. हे ओझे मात्र त्यांनी ३८ वर्षे वाहिले.

पहिले महायुद्ध संपले, कैसर पळाला, जर्मनीत प्रजासत्ताक आले. ६ जुलै १९१९ रोजी हिर्शफेल्ड यांनी बर्लिनच्या टियरगार्टन भागात एका प्रशस्त वाड्यात लैंगिक विज्ञान संस्था सुरू केली. अशी संस्था जगात तोपर्यंत नव्हती. तिथे दवाखाना होता, प्रयोगशाळा होती, ग्रंथालय होते, संग्रहालय होते. गुप्तरोगांवर उपचार होत, विवाहाआधी सल्ला मिळे, संततिनियमनाची माहिती मिळे. गरिबांना पैसे पडत नसत. सभागृहात प्रश्नांच्या संध्याकाळी भरत. लोक आपले प्रश्न नाव न घालता चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकत आणि डॉक्टर सर्वांसमोर उत्तरे देत. मूल नको असलेली कामगाराची बायको आणि रात्र रात्र झोप न लागणारा कारकून एकाच बाकावर बसून ऐकत. लैंगिक ज्ञान ही श्रीमंतांच्या खासगी डॉक्टरची मिरास राहिली नाही.

ज्यांना दुसरीकडे कोणी काम देत नसे अशा माणसांना संस्थेने कामावर ठेवले. त्यातली एक डोरा रिश्टर. शेतकरी कुटुंबात मुलगा म्हणून जन्मलेल्या डोरा यांना लहानपणापासून आपण मुलगी आहोत असेच वाटे. संस्थेत त्या घरकाम करत, राहतही तिथेच. १९३१ मध्ये त्यांच्यावरील शस्त्रक्रिया पूर्ण झाल्या. पूर्ण लिंगबदल शस्त्रक्रिया झालेल्या जगातील अगदी पहिल्या व्यक्तींमध्ये त्यांची गणना होते. १९३३ च्या हल्ल्यात त्या मारल्या गेल्या असे अनेक दशके लिहिले गेले. अलीकडे कागदपत्रे सापडली आणि कळले की, त्या वाचल्या होत्या, बव्हेरियातील एका छोट्या गावात राहिल्या आणि १९६६ मध्ये वारल्या.

या संस्थेत सुप्रजननाचाही विभाग होता हे लपवण्यात अर्थ नाही. आनुवंशिकतेने माणसाची अवलाद सुधारता येईल या त्या काळच्या फॅशनेबल कल्पनेवर हिर्शफेल्ड यांचाही विश्वास होता. हीच कल्पना पुढे नाझींनी किती भयानक थराला नेली हे जगाने पाहिले. समलैंगिकता जन्मजात असेल तर तिचे मूळ शरीरातल्या ग्रंथींत असणार, असा तर्क करून ग्रंथी बदलण्याच्या शस्त्रक्रियांनाही काही काळ त्यांनी उत्तेजन दिले. त्या फसल्या आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली. जन्मजात आहे म्हणून गुन्हा नाही, हा युक्तिवाद दुधारी असतो. जन्मजात आहे म्हणूनच कापून टाका, असेही कोणी म्हणू शकतो. माणसाचा हक्क त्याच्या माणूस असण्यावर उभा करावा लागतो, त्याच्या ग्रंथींवर नाही.

दरम्यान अंगावर घाव पडत होते. १९१९ मध्ये या विषयावरील एका चित्रपटात हिर्शफेल्ड यांनी स्वतः डॉक्टरची भूमिका केली. पुढच्याच वर्षी सरकारने तो चित्रपट बंद पाडला. ऑक्टोबर १९२० मध्ये म्युनिक येथे व्याख्यान आटोपून बाहेर पडताच गुंडांनी त्यांना गाठले, डोके फोडले आणि मेला असे समजून रस्त्यावर टाकून दिले. वर्तमानपत्रांत निधनाची बातमी छापून आली. रुग्णालयाच्या खाटेवर पडून त्यांनी स्वतःचे मृत्युलेख वाचले. त्यातील काहींत आनंद व्यक्त केलेला होता. १९२३ मध्ये व्हिएन्नातील त्यांच्या सभेत गोळीबार झाला, श्रोते जखमी झाले.

बाहेरचे घाव माणूस सोसतो. घरचे जास्त लागतात. समलिंगी चळवळीतच एक गट असा होता की, ज्याला हा ज्यू डॉक्टर आपला प्रतिनिधी म्हणून नको होता. आपण वीरपुरुषांचे वारस, मधल्या पायऱ्यांवरचे बायकी लोक नव्हे, असा त्यांचा तोरा. उतरंडीत आपल्याखाली कोणीतरी हवेच, ही खोड पीडितांनाही सुटत नाही. खुद्द समितीतही मतभेद वाढत गेले. १६ ऑक्टोबर १९२९ रोजी संसदेच्या कायदाविषयक समितीने कलम १७५ मधील मूळ गुन्हा वगळण्याच्या बाजूने कौल दिला. बत्तीस वर्षांच्या लढ्याला फळ येणार असे दिसू लागले. आणि पुढच्याच महिन्यात सहकाऱ्यांनी हिर्शफेल्ड यांना समितीच्या नेतृत्वावरून दूर व्हायला भाग पाडले. तो कौल संसदेपर्यंत गेलाच नाही. आर्थिक मंदी आली, नाझींच्या जागा वाढल्या.

नोव्हेंबर १९३० मध्ये ते व्याख्यानांसाठी अमेरिकेला गेले आणि तिथून जगाच्या फेरीवर निघाले. जपान, चीन, फिलिपिन्स, जावा करत १९३१ मध्ये ते भारतात आले. अलाहाबादेत पंडित नेहरूंनी त्यांचा पाहुणचार केला. त्याच सुमारास बाबासाहेब दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला होते. हिर्शफेल्ड यांनी भारताच्या स्वातंत्र्याची बाजू घेतली आणि कॅथरीन मेयो यांच्या १९२७ मधील ‘मदर इंडिया’ या पुस्तकावर टीका केली. मेयोबाईंचा हेतू साम्राज्याची भलामण करण्याचा होता यात शंका नाही. पण अस्पृश्यांच्या हालांचे जे वर्णन त्या पुस्तकात होते ते खोटे नव्हते. परक्या पाहुण्याला यजमान जे घर दाखवतो तेच दिसते. गावकुसाबाहेर नेणारा वाटाड्या लागतो.

शांघायमध्ये त्यांना ली शिऊ टाँग हा वैद्यकाचा विद्यार्थी भेटला. वय तेवीस-चोवीस. तो त्यांचा शिष्य झाला, सोबती झाला आणि पुढे शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर राहिला. १९३२ च्या मार्चमध्ये दोघे अथेन्सला पोहोचले. मित्रांनी कळवले, जर्मनीत पाऊल टाकू नका. हिर्शफेल्ड पुन्हा कधीही मायदेशी गेले नाहीत.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर सत्तेवर आला. ६ मे रोजी सकाळी ट्रक भरून विद्यार्थी संस्थेसमोर आले. बरोबर बँड होता. हो, वाजतगाजत आले! दारे फोडली, शाईच्या बाटल्या गालिच्यांवर ओतल्या, तसबिरी फोडल्या, पुस्तके ट्रकमध्ये भरली. नंतर नाझींची सैनिकी पथके आली आणि त्यांनी उरलेले नेले. १० मे च्या रात्री बर्लिनच्या ऑपेर्नप्लाट्झ या चौकात होळी पेटली. हिर्शफेल्ड यांचा अर्धपुतळा काठीवर खोचून मिरवणुकीने आणला गेला. चौकाच्या एका बाजूला संगीतगृह, दुसऱ्या बाजूला विद्यापीठ. हातात मशाली होत्या त्या अडाण्यांच्या नव्हे, विद्यापीठात शिकणाऱ्या पोरांच्या, आणि भोवती त्यांचे प्राध्यापक. ज्ञान दिले की अन्याय थांबेल, या श्रद्धेची राख तिथे झाली. ज्ञान होते, ग्रंथालय होते, पुरावे होते. त्यांचे रक्षण करणारी राजकीय सत्ता हाती नव्हती.

पुस्तक जाळण्याचा विषय निघाला की आपल्याकडचे काही विद्वान महाडकडे बोट दाखवतात. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, मग नाझींनी वेगळे काय केले, असा त्यांचा सवाल असतो. फरक न कळण्याइतके ते भोळे नाहीत. बर्लिनमध्ये सत्ताधाऱ्यांनी दुबळ्यांच्या बाजूची पुस्तके जाळली, ती त्यांचे घर फोडून, त्यांना देशोधडीला लावून. महाडला ज्यांना तळ्यातले पाणी नाकारले होते त्यांनी ते नाकारणाऱ्या कायद्याची प्रत जाळली. कोणाच्या घराची काडीही हलवली नाही. मनुस्मृती त्यानंतरही दुकानात मिळत होती आणि आजही मिळते. हिर्शफेल्ड यांच्या संग्रहातील हस्तलिखिते, छायाचित्रे, रुग्णांच्या नोंदी यांची दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती.

हिर्शफेल्ड तेव्हा परदेशात होते. पॅरिसमधील एका चित्रपटगृहात बातमीपट लागला आणि पडद्यावर त्यांनी आपल्या संस्थेची पुस्तके जळताना पाहिली. पासष्ट वर्षांचा, मधुमेहाने खंगलेला माणूस. अंधारात बसून आपल्याच आयुष्याची होळी बघतो आहे. त्यांनी पॅरिसमध्ये संस्था पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न केला. पैसा नव्हता, माणसे नव्हती. ते जमले नाही. मग ते दक्षिण फ्रान्समधील नीस शहरी गेले. वनवासातील या दोन वर्षांत त्यांनी एक पुस्तक लिहिले. विषय लैंगिकतेचा नव्हता, वंशद्वेषाचा होता. वंशश्रेष्ठत्वाला विज्ञानाचा काडीचाही आधार नाही, हे त्यात त्यांनी मुद्देसूद मांडले. त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ मध्ये लंडनहून ते ‘रेसिझम’ या नावाने इंग्रजीत निघाले. हा शब्द नावात असलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत ते मोडते. लैंगिकतेच्या बाबतीत जे त्यांनी जाहीरपणे कधी सांगितले नाही, ते ज्यूपणाच्या बाबतीत नाझींनी त्यांना लपवूच दिले नाही. तिथे त्यांना पीडित म्हणूनच लिहावे लागले, आणि त्यांनी ते लिहिले.

१४ मे १९३५ रोजी, सदुसष्टाव्या वाढदिवशी, नीस येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी नाझींनी कलम १७५ आणखी कडक केले. त्यांच्या राजवटीत या कलमाखाली सुमारे एक लाख पुरुषांना अटक झाली, सुमारे पन्नास हजारांना शिक्षा झाल्या, हजारोंना छळछावण्यांत पाठवले गेले. तिथे त्यांच्या छातीवर गुलाबी त्रिकोण शिवलेला असे. १९४५ मध्ये छावण्या उघडल्या, पण पश्चिम जर्मनीने नाझींनी कडक केलेले कलम १९६९ पर्यंत जसेच्या तसे ठेवले. छावणीतून सुटलेल्या काहींना पुन्हा तुरुंगात जावे लागले. कलम पूर्ण रद्द झाले १९९४ मध्ये. म्हणजे शार्लोटेनबुर्गच्या त्या घरी चार माणसे जमल्यानंतर ९७ वर्षांनी. आपल्याकडचे इंग्रजांनी घातलेले कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते निकालात काढले. दोन्ही न्यायालयांनी आधार घेतला तो बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडलेल्या संवैधानिक नीतिमत्तेच्या विचाराचा. बहुसंख्यांना काय आवडते यावर माणसाचा हक्क ठरत नाही, संविधानावर ठरतो. हिर्शफेल्ड यांच्याकडे विज्ञान होते, असे संविधान नव्हते.

मृत्युपत्रात त्यांनी आपला ठेवा कार्ल गीझ आणि ली शिऊ टाँग यांच्या नावे केला होता. गीझ यांनी १९३८ मध्ये ब्रनो शहरात आत्महत्या केली. ते ज्यांना वारस नेमून गेले ते वकील कार्ल फाइन ज्यू होते, त्यांचा नाझींच्या कैदेत अंत झाला. तिकडचे सारे हरवले. ली मात्र आपल्या वाट्याची कागदपत्रे एका सुटकेसमध्ये घालून देशोदेशी फिरत राहिले आणि अखेर कॅनडातील व्हँकुव्हर येथे राहिले. १९९३ मध्ये ते वारले. आवराआवरीत ती सुटकेस इमारतीच्या कचऱ्यात गेली. त्याच इमारतीत राहणाऱ्या एका माणसाने ती उघडून पाहिली. हे काय आहे ते त्याला कळले नाही, पण टाकून द्यावेसे वाटले नाही म्हणून त्याने ती दहा वर्षे सांभाळली. २००३ मध्ये बर्लिनच्या अभ्यासकांना तिचा पत्ता लागला. आत हिर्शफेल्ड यांच्या हस्ताक्षरातील वही होती, छायाचित्रे होती आणि मृत्यूनंतर त्यांच्या चेहऱ्यावरून घेतलेला साचा होता.